भंगारातून ॲल्युमिनियमची पुली ओतताना: पिनहोल, खळगा आणि कडक कण कुठून येतात

साच्याचा फोटो पाठवून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. घरामागच्या शेडमध्ये एलपीजीवर चालणारी छोटी भट्टी आहे. खिडक्यांचे सेक्शन, कोल्ड्रिंकचे कॅन, स्कूटरच्या इंजिनाचं कव्हर असं मिळेल ते भंगार लोखंडी डब्यात वितळवून 150 मिमी व्यासाची, ए सेक्शन व्ही-बेल्टची एका खाचेची पुली ओतली. वरून बरी दिसली. लेथवर चढवल्यावर रिममध्ये (बाहेरच्या कड्यात) टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं, म्हणजे पिनहोल निघाली, हबच्या (शाफ्टवर बसणाऱ्या मधल्या भागाच्या) माथ्यावर खोल खळगा होता आणि मध्येच टूलची धार घालवणारे कडक कण लागले. भट्टी कमी तापते का, आणखी मोठा बर्नर लावू का?

बर्नर बदलू नका. या लक्षणांवरून भट्टी गरजेपेक्षा जास्त तापत असण्याची शक्यता अधिक आहे. तीन दोषांची कारणंही तीन आहेत, त्यामुळे एकाच उपायाने तिन्ही जाणार नाहीत. छिद्रं हायड्रोजनची, खळगा आकुंचनाचा, आणि कडक कण लोखंडी डबा व मळी (वितळलेल्या धातूवर जमणारा ऑक्साइडचा थर) यांचे. ॲल्युमिनियम वितळवायला काहीच कठीण नाही. ओलावा आणि हवा यांपासून ते जपून साच्यात पोचवणं हेच खरं ओतकाम.

आधी तुटलेला किंवा कापलेला भाग भिंगाखाली बघायची सवय लावा. छिद्रं गोल, आतून चकचकीत आणि सगळीकडे विखुरलेली असतील तर तो विरघळलेला वायू. पोकळी खडबडीत, आत बारीक काटेरी स्फटिक दिसणारी आणि जाड भागाच्या मधोमध असेल तर ते आकुंचन. वरच्या कातडीच्या लगेच खाली एकदोन मोठे गुळगुळीत फुगे असतील तर वाळूतली वाफ. पृष्ठभागावर सुरकुतीसारखी रेघ असेल तर रसाचे (वितळलेल्या धातूचे) दोन प्रवाह भेटले पण एकजीव झाले नाहीत. हे निदान न करता केलेला प्रत्येक बदल म्हणजे अंधारात गोळी.

भंगार निवडणं

सर्वांत मोठी सुधारणा इथे होते, आणि तिला पैसे जवळजवळ लागत नाहीत. जे ॲल्युमिनियम एकदा ओतलेलं आहे तेच पुन्हा ओतायला चांगलं, कारण त्यात सिलिकॉन असतं. सिलिकॉनमुळे रस पातळ वाहतो, आकुंचन कमी होतं आणि थंड होताना कास्टिंगला तडे जात नाहीत. गाड्यांच्या अलॉय व्हीलमध्ये साधारण 7 टक्के सिलिकॉन आणि थोडं मॅग्नेशियम असतं. इंजिनाच्या पिस्टनमध्ये सिलिकॉन 12 टक्क्यांच्या आसपास आणि सोबत तांबं, निकेल. क्रँककेस, गिअरबॉक्स कव्हर असे डायकास्ट (पोलादी साच्यात दाबाने ओतलेले) भाग 8 ते 11 टक्के सिलिकॉन आणि 2 ते 4 टक्के तांब्याचे. तेही चालतात, पण त्यांत लोखंडाचं प्रमाण आधीच जास्त असतं. डायकास्टिंगमध्ये धातू पोलादी साच्याला चिकटू नये म्हणून ते तसं ठेवलेलं असतं.

खिडक्यांचे सेक्शन वेगळ्या जातीचे. त्यांत सिलिकॉन जेमतेम अर्धा टक्का. रस घट्ट वाहतो, आणि रिम व वेब (रिमला हबशी जोडणारी पातळ तबकडी) जिथे जुळतात तिथे गरम असतानाच चीर जाते. ते वापरायचेच असतील तर निम्मे पिस्टन घाला, म्हणजे सिलिकॉन 6 टक्क्यांच्या वर जाईल. तुमच्या पुलीसाठी माझी निवड सरळ आहे: दोन भाग अलॉय व्हील, एक भाग पिस्टन. सिलिकॉन साडेआठ-नऊ टक्के होतं आणि लेथवरही हे मिश्रण चांगलं कापलं जातं.

कोल्ड्रिंकचे कॅन सोडून द्या. पत्रा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतका पातळ, दोन्ही बाजूंना रंग आणि लाख. वजनाच्या मानाने पृष्ठभाग इतका मोठा की बराचसा माल ऑक्साइड होऊन मळीत जातो, आणि उरतो तोही ओतायला वाईट. भंगारवाल्याला कॅन देऊन त्याच्याकडून फुटकं व्हील घेणं केव्हाही फायद्याचं.

डिझेल इंजिनाच्या पिस्टनमध्ये वरच्या रिंगच्या खाचेत निकेलयुक्त बिडाचं कडं बसवलेलं असतं. रस होताच ते तळाशी जातं. चिमट्याने लगेच काढा, विरघळायला वेळ देऊ नका. व्हीलवरची शिशाची वजनं, व्हॉल्व्ह, रबर आणि कव्हरांचे स्टड आधीच काढायचे. मोठा ओतीव भाग फोडायला ग्राइंडर झिजवू नका. भट्टीच्या तोंडावर तो वितळण्याच्या जरा अलीकडे येईपर्यंत तापवला की हातोडीच्या टोल्याने ढेकळासारखा फुटतो.

दोन परके धातू ओळखता आले पाहिजेत. जुन्या कार्ब्युरेटरच्या बॉडी, कुलपं, नळांच्या मुठी जस्ताच्या असू शकतात. चेन सॉची आवरणं, काही लॅपटॉपच्या चौकटी मॅग्नेशियमच्या. वजनकाट्यावर तुकडा आधी हवेत आणि मग दोऱ्याने पाण्यात लटकवून तोला. हवेतलं वजन भागिले वजनातली घट म्हणजे घनता. ॲल्युमिनियम 2.7 च्या आसपास, जस्त 6.6 च्या वर, मॅग्नेशियम 1.8. तुकडा भरीव हवा आणि त्याला हवेचे बुडबुडे चिकटलेले नकोत. मॅग्नेशियमची दुसरी खूण: कानशीने घासून त्यावर व्हिनेगर टाकलं तर ते फसफसतं, ॲल्युमिनियम तसंच राहतं. मॅग्नेशियमचा भाग भट्टीत पेटला तर पाण्याने विझत नाही, उलट भडकतो. म्हणून शंका असलेला तुकडा बाहेरच.

लोखंडी डबा आजच बाद करा

वितळलेलं ॲल्युमिनियम लोखंड विरघळवतं. हे सावकाश होतं म्हणून लक्षात येत नाही, पण तापमान वाढलं की वेग वाढतो. लोखंड साधारण पाऊण टक्क्याच्या पुढे गेलं की थंड होताना ॲल्युमिनियम, लोखंड आणि सिलिकॉन यांच्या संयुगाच्या ठिसूळ, सुईसारख्या पट्ट्या तयार होतात. कास्टिंग वाकण्याआधीच मोडतं. डायकास्ट भंगारातलं मँगनीज आणि क्रोमियम यांच्यासोबत हेच लोखंड कडक गोळ्या बनवून तळाशी बसतं. टूलला लागले ते बहुधा हेच, किंवा रसात ढवळला गेलेला ऑक्साइड, जो कुरुंदाइतका कठीण असतो. शिवाय डबा आतून झिजत जाऊन एक दिवस भट्टीतच भोक पडतं.

क्ले-ग्रॅफाइटचं क्रुसिबल (धातू वितळवायचं भांडं) घ्या. त्याचा नंबर ढोबळमानाने किती किलो तांबं-पितळ मावतं त्यावर असतो. ॲल्युमिनियम हलकं, म्हणून त्याच जागेत वजनाने तिसरा हिस्सा बसतं. तुम्हाला 10 नंबरचं, म्हणजे 3 किलोच्या आसपास ॲल्युमिनियमचं, पुरेल. नवं क्रुसिबल रिकामं असताना मंद आचेवर 200 अंशांपर्यंत तासभर सुकवा, मग लालसर होईपर्यंत तापवा आणि त्यानंतरच माल घाला. थंड क्रुसिबलमध्ये विटेसारखे तुकडे ठोकून बसवू नका. ॲल्युमिनियम क्रुसिबलपेक्षा जास्त प्रसरण पावतं आणि ते फोडतं. उरलेला रस आत थिजू देऊ नका. क्रुसिबल धरायची सांडस त्याच्या पोटाला नीट बसेल अशीच बनवून घ्या. काठाला पक्कडीने धरून उचलण्यासारखं धोक्याचं काम या सगळ्या प्रक्रियेत दुसरं नाही.

पळी, मळी काढायचा झारा, ढवळायची सळई लोखंडाचीच राहणार. त्यांना चायना क्ले किंवा खडूची पूड सोडियम सिलिकेटच्या पातळ पाण्यात कालवून लेप द्या, वाळवा आणि दर वेळी रसात घालण्याआधी भट्टीच्या तोंडावर पूर्ण गरम करा.

भट्टीबद्दल थोडंच सांगतो, कारण तुमची बरी आहे. 25 मिमी सिरॅमिक ब्लँकेटचे दोन थर, क्रुसिबलभोवती 35 ते 40 मिमी मोकळी जागा, तळाजवळून स्पर्शरेषेत शिरणारी ज्वाळा, झाकणात 70-75 मिमीचं भोक, आणि क्रुसिबल फुटलं तर रस वाहून जायला तळाशी एक भोक, एवढं असलं की झालं. ब्लँकेटचे तंतू फुप्फुसात जातात, म्हणून आतून रिफ्रॅक्टरी मॉर्टरचा लेप हवाच. सिलिंडर 19 किलोचा व्यावसायिक घ्या, घरगुती या कामाला वापरता येत नाही. भट्टीपासून किमान 3 मीटर लांब आणि उभा ठेवा. 3 किलो ॲल्युमिनियम 720 अंशांपर्यंत न्यायला प्रत्यक्षात सव्वातीन मेगाज्यूलच लागतात, पण छोट्या भट्टीत नव्वद टक्के उष्णता वर निघून जाते. म्हणून एका वेळेला अर्धा ते एक किलो गॅस धरून चाला. यापेक्षा फार जास्त लागत असेल तर ज्वाळा झाकणाबाहेर जळते आहे.

हायड्रोजन

पिनहोलचं मूळ इथे आहे. हवेतली, भंगारावरची किंवा ज्वाळेतली पाण्याची वाफ तापलेल्या रसाला लागली की ॲल्युमिनियम तिच्यातला ऑक्सिजन घेतं आणि हायड्रोजन रसात विरघळतो. वितळबिंदूला 100 ग्रॅम द्रव ॲल्युमिनियममध्ये सुमारे 0.7 घन सेंमी हायड्रोजन राहू शकतो, घन ॲल्युमिनियममध्ये जेमतेम 0.04. म्हणजे थिजताना बहुतेक सगळा वायू बाहेर पडू बघतो आणि स्फटिकांच्या मध्ये अडकतो. 850 अंशांना तर रसाची ही क्षमता वितळबिंदूच्या सुमारे तिप्पट होते. म्हणूनच जास्त तापवून पातळ करू असा विचार केला की छिद्रं वाढतात.

कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात हे जास्त जाणवतं. दवबिंदू 25 अंश असलेल्या हवेत, 10 अंश दवबिंदूच्या कोरड्या हवेच्या अडीच पट वाफ असते. विरघळणारा हायड्रोजन वाफेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे बाकी सगळं सारखं ठेवूनही जुलैमधला रस दीडपटीहून अधिक वायू धरू शकतो. भट्टी पावसाळ्यात बंद ठेवावी असं नाही. मात्र वाळू, भंगार आणि हत्यारं तेव्हा जास्त काटेकोरपणे सुकवली पाहिजेत.

करायचं ते असं. भंगार थेट ओतकामाला वापरू नका. एक दिवस नुसतं वितळवून, मळी काढून, लोखंडी अँगलच्या तुकड्यांपासून केलेल्या साच्यात अर्ध्या-अर्ध्या किलोच्या कांड्या पाडा. साचा गंजलेला नको, लेप दिलेला आणि गरम हवा. तेल, रंग, माती, बोल्ट हे सगळं या पहिल्या वेळीच निघून जातं. ओतायच्या दिवशी भट्टीत फक्त स्वच्छ, तापवून कोरड्या केलेल्या कांड्या जातात.

बर्नरला हवा किंचित जास्त ठेवा. पिवळी, धुरकट ज्वाळा म्हणजे न जळलेला गॅस, आणि त्यातला हायड्रोजनही रसात जातो. ज्वाळेचा झोत क्रुसिबलच्या तोंडावर येऊ देऊ नका. लवकर वितळवा, 750 च्या वर नेऊ नका, तयार झालेला रस भट्टीत ताटकळत ठेवू नका आणि उगाच ढवळू नका. वरचा राखाडी पापुद्रा हे रसाचं पांघरूण आहे. ओतायच्या क्षणापर्यंत तो मोडायचा नाही. के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजायची तार) आणि साधा मीटर ही चैन नाही. दिवसाउजेडी ॲल्युमिनियमच्या रंगावरून 700 आणि 820 यांतला फरक डोळ्यांना कळत नाही.

एवढ्यानेही छिद्रं उरली तर आर्गॉन. टिग वेल्डिंगवाल्यांकडे सिलिंडर असतो. 6 मिमी भोकाची ग्रॅफाइट नळी गरम करून तळापर्यंत घाला आणि बारीक बुडबुडे येतील इतकाच आर्गॉन चार-पाच मिनिटं सोडा. पृष्ठभाग उकळल्यासारखा फुटत असेल तर प्रवाह जास्त आहे, त्याने उलट ऑक्साइड आत ढकलला जातो. हायड्रोजन आर्गॉनच्या बुडबुड्यात शिरून वर निघून जातो. डिगॅसिंगच्या (वायू काढायच्या) वड्याही मिळतात. त्यांतून क्लोरीनयुक्त धूर निघतो, म्हणून शेडच्या आत त्या वापरू नयेत. धुण्याचा सोडा टाकायचा सल्ला खूप ठिकाणी दिला जातो. तो मानू नका. त्या स्फटिकांत वजनाच्या निम्म्याहून जास्त पाणी असतं. म्हणजे जे काढायचं तेच आपण रसात घालतो, आणि रस उडतो तो वेगळाच.

रस बरा झाला का, हे ओतण्याआधी तपासता येतं. गरम केलेल्या छोट्या वाटीसारख्या पोलादी साच्यात 80-100 ग्रॅम रस ओता आणि थिजताना बघा. माथा आत बसला तर वायू कमी आहे. माथा सपाट राहिला किंवा फुगला, वर बारीक फोड आले, तर ओतू नका. जुन्या फ्रीजच्या कॉम्प्रेसरने निर्वात करून हाच नमुना काचेच्या झाकणाखाली थिजवला तर फरक आणखी ठळक दिसतो, कारण कमी दाबात अडकलेला वायू फुगतो. थिजलेला नमुना मधोमध कापून ठेवून द्या. पुढच्या वेळी तुलनेला उपयोगी पडतो.

पुलीचा पॅटर्न

खळग्याचा बंदोबस्त पॅटर्नपासूनच, म्हणजे वाळूत ठसा उमटवायच्या नमुन्यापासूनच, सुरू होतो. तयार पुली 150 व्यासाची आणि 20 मिमी रुंद. टर्निंगसाठी सगळीकडून 3 मिमी ठेवा: 156 व्यास, 26 रुंदी. ए सेक्शनची खाच साधारण 12 मिमी खोल, तिच्याखाली 6 मिमी मांस हवं. म्हणजे कच्च्या रिमची जाडी 21 मिमी. वेब 10 मिमी, हब 50 व्यास आणि 40 लांब. खाच ओतायची नाही, लेथवर पाडायची. या कास्टिंगचं आकारमान 390 घन सेंमी, वजन एक किलोला जरा वर.

थिजून गार होताना ॲल्युमिनियमचं कास्टिंग साधारण 1.3 टक्के आकसतं, म्हणून पॅटर्न 158 मिमीचा करा. बाजूंना दीड-दोन अंशांचा उतार द्या. रिम-वेब आणि वेब-हब या सांध्यांना 5 मिमीची गोलाई द्या. धारदार कोपऱ्यात गरम चीर हमखास जाते. सागवान उत्तम. एमडीएफ चालतं, पण पुट्टी आणि चपड्याचे तीन हात देऊन गुळगुळीत केल्याशिवाय वाळू सोडत नाही. थ्रीडी प्रिंटच्या थरांच्या रेघाही तशाच भरून घासायच्या.

आता आकुंचन. द्रव थिजताना आकारमान चार ते सहा टक्के कमी होतं. जो भाग शेवटी थिजतो त्याला ही तूट भरून द्यायला बाहेरून रस मिळाला नाही तर तिथे पोकळी होते. तुमच्या पुलीत पातळ वेब सर्वांत आधी थिजते, मग रिम, शेवटी हब. वेब थिजली की हब आणि रिम यांच्यातली वाट बंद. म्हणून फक्त हबवर एक रायझर (तूट भरायला रस साठवणारा वरचा उभा खांब) देऊन भागत नाही. रिमला स्वतंत्र रायझर लागतात.

हिशेब आकारमान भागिले थंड होणारं क्षेत्रफळ या गुणोत्तराने करायचा; ते जितकं मोठं तितका तो भाग उशिरा थिजतो. हबचं ते 9 मिमी येतं. रायझरचं त्याच्या 1.2 पट, म्हणजे 11 हवं, आणि उंची व्यासाच्या दीडपट धरली तर व्यास 51; इथे रायझर तेवढा उंच बसत नाही, म्हणून 55 मिमी घ्या. हबला जोडणारी मान 40 मिमी. रिमचं गुणोत्तर 6 च्या आसपास, तिथे 40 मिमीचे दोन रायझर समोरासमोर पुरतात. त्या दोघांच्या बरोबर मधोमध, रिमच्या बाहेरच्या अंगाला, 20 मिमी जाडीचा बिडाचा किंवा लोखंडाचा एकेक तुकडा वाळूत बसवा. त्याच्याजवळ धातू आधी थिजतो आणि थिजणं रायझरकडे सरकत जातं. हे तुकडे स्वच्छ घासलेले आणि साचा बंद करण्याआधी गरम केलेले असावेत. थंड लोखंडावर ओल्या वाळूतला दमट श्वास साठतो आणि रस लागताच स्फोटासारखा फुगा येतो.

हा सगळा माल मिळून 750 घन सेंमी, म्हणजे 2 किलो. ओतायची वाट आणि मळी धरून 2.7 किलो वितळवा. हातात येणारी पुली त्याच्या चाळीस टक्के. रायझरमध्ये धातू वाया जातो असं वाटतं, पण तो पुढच्या वेळची तयार कांडी आहे.

वाळू आणि रसाची वाट

100 मेशच्या जवळपासची बारीक, धुतलेली सिलिका वाळू घ्या. समुद्राची वाळू नको, तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो. 20 किलो वाळूला 1.8 किलो बेंटोनाइट (वाळू बांधून ठेवणारी माती) आणि सुरुवातीला 600 मिली पाणी. कच्छचं सोडियम बेंटोनाइट सहज मिळतं. कोरडं मिश्रण आधी नीट कालवा, पाणी शिंपडत मळा, गोणपाटाखाली रात्रभर मुरू द्या. सकाळी मुठीत दाबून बघा: बोटांचे ठसे स्वच्छ उमटले पाहिजेत, गोळा मधोमध मोडल्यावर कडा टोकदार राहिल्या पाहिजेत आणि तळहात ओला व्हायला नको. गोळा भुसभुशीत पडला तर 50-50 मिली पाणी वाढवा. एकूण 800 मिलीच्या पुढे जाऊ नका. पाणी जास्त झाल्याचं साचा भरताना कळत नाही, कास्टिंगच्या कातडीखाली कळतं.

साच्याच्या वरच्या आणि खालच्या पेट्या 300 बाय 300 मिमी. वरची 90 मिमी उंच. पॅटर्नवर शंखजिऱ्याची पूड मारा, पहिला थर चाळून घाला, पुढचे थर ठोकत भरा. कडेला घट्ट आणि पॅटर्नच्या माथ्यावर जरा हलक्या हाताने. बारीक सळईने पॅटर्नच्या 10 मिमी अलीकडेपर्यंत वायुछिद्रं पाडा.

रस कुठून आणि कसा शिरतो याला सर्वांत जास्त महत्त्व आहे. ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर क्षणात ऑक्साइडचा पापुद्रा येतो. प्रवाह खळबळला की तो दुमडून आत जातो, आणि दुमडलेल्या दोन पापुद्र्यांच्या मध्ये न जुळलेली फट राहते. हायड्रोजनला फुगायला तीच जागा सोयीची पडते, आणि पुली पुढे मोडतेही तिथूनच. बर्मिंगहॅम विद्यापीठाचे जॉन कॅम्पबेल यांनी आयुष्यभर हाच मुद्दा मांडला: साच्यात शिरताना रसाचा वेग सेकंदाला अर्ध्या मीटरच्या पुढे नको. केवळ 12-13 मिमी उंचीवरून पडलं तरी हा वेग गाठला जातो. म्हणजे वरून थेट पुलीच्या पोकळीत, किंवा हबच्या रायझरमधून ओतणं पूर्ण चूक. तुमच्या फोटोतल्या साच्यात तेच केलेलं दिसतं.

बाजूला उतरती वाट करा. वर 30 मिमी खोल कप, वाटेच्या माथ्याला 16 मिमी व्यास, तळाला 11 मिमी. निमुळती असल्याने ती भरलेली राहते आणि हवा ओढत नाही. कपाच्या पृष्ठभागापासून तळापर्यंत 120 मिमी उंची धरली तर तळाशी वेग दीड मीटर होतो, आणि 11 मिमीच्या भोकातून सेकंदाला दीडशे घन सेंमीच्या आसपास रस जातो. साचा पाचेक सेकंदांत भरतो. पुढे वेग कमी करायचा. खालच्या पेटीत 20 बाय 10 मिमीचा रनर (रसाचा आडवा पाट), तो गेटच्या (पोकळीत शिरायच्या तोंडाच्या) पुढे 40 मिमी वाढवलेला, म्हणजे पहिला मळकट, गार रस तिथे जाऊन थांबेल. रनरच्या वरून, वरच्या पेटीत, रिममध्ये शिरणारे 25 बाय 6 मिमीचे दोन गेट. एकूण क्षेत्रफळ वाटेच्या तळाच्या तिप्पट झालं, म्हणून वेग अर्ध्या मीटरवर येतो. रनरमध्ये 10 पीपीआयचा (इंचाला 10 छिद्रांचा) सिरॅमिक फोम फिल्टर बसवता आला तर फार चांगलं. तो बसवाल तिथे रनर रुंद करा, नाहीतर प्रवाहच तुंबतो.

ओतताना

ओतायची जागा सिमेंटची नको. काँक्रीटमध्ये पाणी असतं. सांडलेल्या रसाखाली त्याची वाफ होऊन तुकडे उडतात. 50 मिमी कोरड्या वाळूचा थर पसरा आणि त्यावर साचा व भट्टी दोन्ही ठेवा, मध्ये दोन पावलांचं अंतर. जाड सुती कपडे, चामड्याचे हातमोजे आणि पायमोजे, पँट बुटाच्या बाहेर, चेहऱ्यावर पूर्ण शील्ड. पॉलिस्टर अंगावर नको. पाण्याची बादली शेडच्या बाहेर, आत कोरड्या वाळूची. लहान मुलांना आणि बघ्यांना या वेळी शेडमध्ये थारा नाही.

740 ला भट्टी बंद करा, क्रुसिबल काढा, पापुद्रा एकदाच बाजूला ओढून मळी काढा. एवढ्या थोड्या रसाचं तापमान साच्यापर्यंत 20-30 अंश उतरतं, म्हणजे ओतताना 710-720 मिळतं. 10 मिमी वेबला ते योग्य आहे. क्रुसिबलचं तोंड कपाच्या अगदी जवळ आणा. कप झटकन भरा आणि शेवटपर्यंत भरलेला ठेवा. हात थांबला की हवा शिरते. तिन्ही रायझर वरपर्यंत भरलेले दिसले की थांबा. उरलेला रस लगेच गरम कांडी-साच्यात.

पेटी निदान पाऊण तास उघडू नका. बाहेर काढलेली पुली पाण्यात बुडवू नका. रायझर बघा: हबच्या रायझरचा माथा खोल बसलेला असेल तर त्याने आपलं काम केलं. तो सपाट आणि फुगीर असेल तर वायूचं काम अजून बाकी आहे.

रायझर करवतीने कापा. लेथवर धारदार, मोठ्या रेक कोनाचं कार्बाइड टूल, आणि कडेला माल चिकटू लागला तर ब्रशने थोडं रॉकेल. आधी हबचं भोक आणि एक बाजू एकाच पकडीत करा, मग मँड्रेलवर (भोकात घट्ट बसणाऱ्या दांड्यावर) घेऊन रिम आणि खाच, म्हणजे पुली भोकाशी एककेंद्री राहते. 1440 फेऱ्यांच्या मोटरवर 150 मिमी पुलीच्या रिमचा वेग सेकंदाला 11 मीटर होतो. चांगल्या कास्टिंगला तो जड नाही. तरी खाचेच्या तळाशी सलग छिद्रं किंवा वेबच्या मुळाशी रेघ दिसली तर वेल्डिंगने बुजवू नका, पुली परत वितळवा. गाडीचे ब्रेक लिव्हर, उचलण्याचे हुक, दाबाखालची भांडी असले भाग भंगाराच्या रसातून करूच नका, कास्टिंग कितीही सुबक निघालं तरी.

आणि मळी. तिच्यात ॲल्युमिनियम नायट्राइड असतं. ओली झाली की अमोनियाचा उग्र वास आणि पेट घेऊ शकणारे वायू सुटतात. झाकणाच्या कोरड्या पत्र्याच्या डब्यात साठवा, पावसापासून लांब. त्यात अडकलेला धातू बराच असतो, त्यामुळे भंगारवालेही ती घेतात.